सुतकातली कॉफी

खेरित मेला, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मालिकेच्या चौथ्या भागाच्या शेवटी तो घराच्या छपरावर सायकल चढवताना खाली पडला. पाचव्या भागाच्या सुरुवातीला त्याला सूट घालून, पेटीत निजवून बैठकीच्या खोलीत ठेवलं, आणि हॉलंडातल्या रिवाजाप्रमाणे त्याची माणसं त्याच्याभोवती बसून कॉफी प्यायला लागली. अडचण एवढीच होती, की तो मेला हे दारात आलेल्या शेजाऱ्याला त्याच्या बायकोनं सांगायचं होतं. आणि त्या बायकोचा मराठी आवाज तामसीजवळच्या एका खेड्यात, घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता आणि सांगायला तयार नव्हता.

"म्या नाई म्हणत," देवकाबाई म्हणाल्या. "दुसरं काईबी सांग."

"माय, एकच वाक्य हाये," रविकांत म्हणाला. "बाकी सगळा भाग झाला."

"एक असो का अर्धं असो."

रविकांत हा देवकाबाईंचा एकुलता मुलगा. आदिलाबादच्या एका खासगी कॉलेजात त्यानं कंत्राटी तत्त्वावर मराठी शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. मराठी घेणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली आणि शेवटी वर्गात मुलांपेक्षा पंखे जास्त झाले. तेवढ्यात हैदराबादच्या एका ॲपनं हॉलंडातली ही गाजलेली मालिका मराठीत आणायचं ठरवलं. त्यांना पुण्याची मराठी नको होती, 'मातीतली' हवी होती. कुठल्या मातीतली, हे त्यांना माहीत नव्हतं. रविकांतनं आपल्या घरच्यांचे आवाज भरून पाठवले आणि ते पसंत पडले. त्याच आनंदात त्यानं राजीनामा दिला. राजीनाम्याच्या शेवटी त्यानं गाढवांवरचं एक संस्कृत सुभाषित घातलं, प्राचार्यांना संस्कृत येत नाही या भरवशावर. प्राचार्यांनी ते मोबाइलमध्ये टाकून अर्थ काढला. तेव्हा परतीचा रस्ता बंद होता. पहिले पाच भाग चाचणीचे. पाचवा पास झाला तर पुढची सगळी मालिका रविकांतची, नाहीतर मुंबईच्या स्टुडिओची. आणि पाचवा आज संध्याकाळपर्यंत पोचायला हवा होता.

मालिका एका चक्रम कुटुंबाची होती. मोठा मुलगा अंगणात उभ्या केलेल्या नावेत राहायचा. मुलीनं एकाच माणसाशी तीनदा लग्न केलेलं. आत्यानं न्हाणीघरात बकरी पाळलेली, त्यामुळे सगळे शेजाऱ्याकडे आंघोळीला जायचे. या सगळ्यांची आई हेनीबाई, घशात खडी भरलेल्या आवाजाची, कुणाचंही न ऐकणारी. तिला देवकाबाईंचा आवाज असा बसला होता, की जणू हॉलंडची बाईच यांच्यावरून बेतली असावी. मुलीचा आवाज रविकांतची बायको सुनयना देई. नावेतला मुलगा, शेजारी आणि अडल्यावेळी बकरी, हे रविकांत स्वतः.

आणि खेरितचा आवाज होते पांडुरंगराव. रविकांतचे वडील. देवकाबाईंचे यजमान.

"पाह्य," देवकाबाई सोललेल्या शेंगांची टरफलं सुपात झटकत म्हणाल्या. "तो खेरित कोणाच्या आवाजात बोलते? तुह्या बापाच्या. चार भाग माह्याशी त्याच आवाजात भांडला. आन आता म्या म्हणू का तो..." त्या थांबल्या. "तूच सांग."

"ते नाटक हाये, माय."

"नाटक त्यायचं. तोंड माह्यं हाये."

या तोंडाची रविकांतला लहानपणापासून माहिती होती. या घरात बांगडी कधी फुटली नाही, ती 'वाढली'. दिवा कधी विझला नाही. घरातून कुणी कधी 'जातो' म्हणून गेलं नाही. मीठ संपत नसे, ते 'उदंड' होई. मग उदंड झालेलं मीठ आणायला सुनयना दुकानात जाई. रविकांतला हे सगळं ठाऊक होतं. एकेकाळी त्यावर त्यानं एका मासिकात लेखही लिहिला होता, 'लोकभाषेतील शुभवाचकता'. लेखात ही गोष्ट फार गोड वाटली होती.

तो परत खोलीत गेला. खोली कापसाची होती. दरवर्षी या दिवसांत इथं आढ्यापर्यंत कापूस असे. यंदा तो ओसरीत पडून होता, कारण खोलीचा स्टुडिओ झाला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या आणि रजया ठोकल्या होत्या. आदिलाबादकडची थंडी काही साधी नसते. रात्री घरचे लोक भिंतीवरची आपापली रजई उपसून नेत आणि सकाळी परत ठोकत. पांडुरंगरावांची रजई रोज शेवटी येई, त्यामुळे दुपारपर्यंत पश्चिमेच्या भिंतीचा आवाज घुमे.

मोबाइल वाजला. ॲपच्या कंपनीतला राजकुमार. मूळचा भैंशाचा, पण आता हैदराबादी.

"रविकांत भाई, क्या हुआ?"

"एक लाइन बाकी है."

"एक लाइन के वास्ते मेरे को दो दिन से लटका रे आप. कौनसी?"

"वो मर गया, कॉफी लोगे."

"तो बोल दो ना अम्मा कू."

"वो नहीं बोलती."

"कायकू?"

रविकांतनं समजावून सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर त्याला स्वतःचाच कंटाळा आला.

"देखो भाई," राजकुमार म्हणाला, "शाम तक आया तो ठीक. नहीं तो वो लोगाँ मुंबई कू दे देते. मैं फिर कुछ नहीं कर सकता."

रविकांत पुन्हा ओट्यावर आला. या खेपेला त्यानं शब्दकोशाचा मार्ग धरला.

"वारले म्हण."

"ऊंहूं."

"देवाघरी गेले. त्यात काय वाईट हाये? देवाचं घर तर हाये."

"तुह्या बापाले देवाच्या घरी कोणी बलावलं?"

"बरं, मराठीत नाई तर तेलुगूत म्हण. तुले येते. मी ते खालून मराठीत लिहीन."

देवकाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हे पोरगं शिकलं कशाला. "तेलंगणातला देव हाये तो. त्याले तेलुगू पहिले समजते."

सुनयना न्हाणीतून केस पुसत बाहेर आली. तिची आज ही तिसरी आंघोळ. पाचव्या भागात तिला बापाच्या पेटीशेजारी बसून केक खायचा होता. आणि घरात मढं असताना खाणारीचा आवाज दिला तर आंघोळ करावी लागते, असा निकाल सासूनं दिला होता. ज्या घरात मढं आहे त्या घरची चूल पेटत नाही. हे लोक केक कापतात, वर कॉफी पितात. हॉलंडच्या लोकांचं काही चांगलं होत नसेल ते याच्यामुळेच, असं देवकाबाईंचं मत होतं. हॉलंडचं काय चांगलं होत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तू म्हण," रविकांत तिला म्हणाला. "आवाज जरा जाड काढ. मायसारखा."

"मी?"

"एकच वाक्य."

"अहो, मी सासूबाईच्या आवाजात तसं म्हणलं म्हंजे मामंजीले लागते. अन् माह्या आवाजात म्हणलं म्हंजे तुमाले लागते." तिनं टॉवेल झटकला. "कोणाले लावू, सांगा."

एखाद्या क्षणी तरी रविकांतला वाटलं, की वडिलांना लागलेलं परवडेल. आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही, इतका तो टेकीला आला होता.

मग त्याला जी कल्पना सुचली ती सुशिक्षित माणसालाच सुचू शकते. तो उठून शेजारी बयनाबाईकडे गेला. बयनाबाई घरामागच्या वावरात वांगी, मेथी लावायची आणि गुरुवारी बाजारात नेऊन विकायची. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. म्हणजे, रविकांतनं मनात हिशेब मांडला, तिला काही धोका नव्हता.

बयनाबाई हाताची माती पदराला पुसत आली. तिला खुर्चीवर बसवलं, कानाला यंत्र लावलं, पडद्यावर हेनीबाई दाखवली. बयनाबाईनं सगळं नीट पाहिलं. पेटी पाहिली, फुलं पाहिली, केक पाहिला.

"काय म्हणाचं?"

"तो शेजारी इचारते, खेरित घरी हाये का. तुमी म्हणाचं, तो मेला. कॉफी घेता?"

"म्याच काऊन?"

"तुमचा आवाज चांगला हाये, बयनाबाई."

"आवाज?" बयनाबाई हसली. "रविकांत, लहानपणी तू माह्या वावरातल्या काकड्या चोरत होता तवाबी असाच म्हणे, का पाहाले आलतो."

रविकांतनं पडद्यावरचा प्रसंग पुन्हा सुरुवातीला नेला.

"म्या एकदा म्हणलं ते," ती म्हणाली. "माह्या सासूले सांगाचं होतं. दुसरं कोणी नोतं सांगाले, म्हणून म्याच म्हणलं. तेवढं बस झालं. आता ह्या गोऱ्या बाईचा मेला तं तिनं म्हणावं."

तिनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, जाताना ओट्यावर देवकाबाईजवळ वांग्यांची पिशवी ठेवली आणि काहीच झालं नाही अशी गेली.

देवकाबाई मात्र उठल्या.

"बयनाले काऊन आणलं होतं?"

"असंच."

"असंच? तिच्या तोंडानं म्हणून घेतलं म्हंजे तिले काई होत नाई, असं ना? तिचं तोंड तं रिकामंच पडलं हाये, असं ना?" देवकाबाईंचा आवाज खालच्या पट्टीत गेला, आणि तो तिथं गेला की घरातले आणि हॉलंडातले सगळे घाबरत. "शिकलेला माणूस व्हय तू? तिले म्हणाले लावाचं अन् माह्यं कुंकू वाचवाचं. थू."

रविकांतच्या लेखात हे कुठंच आलं नव्हतं.

आता पांडुरंगराव उरले. ते ओसरीत कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते आणि दोन दिवसांपासून रुसलेले होते, कारण त्यांना चौथ्या भागात मारलं होतं.

"मले कोणी इचारलं?" ते म्हणाले. "चांगलं काम चाललं होतं. एकाएकी सायकल घेऊन छपरावर चढवला. कोणता शहाणा माणूस छपरावर सायकल चढवते? आता तुमाले गरज पडली तं बाबा."

"बाबा, तुमी काई सुचवा."

पांडुरंगरावांनी जरा वेळ घेतला. घेण्यासारखा त्यांच्याजवळ भरपूर होता. मग ते कापसातून उठले.

"म्या म्हणतो."

"काय?"

"ते वाक्य. बाईच्या आवाजात. गणपतीतल्या नाटकात म्या लागोपाठ किती वर्षं बाई झालो, तुह्या मायले इचार. लगन जमवाले आलते तवा तिच्या बापानं पहिले मले लुगड्यातच पाह्यलं."

"पण बाबा, अपशकुन..."

"कोणाले? मले नवराच नाई. जो नाई तो मरन कसा?"

रविकांतनं हा मुद्दा उलटून पालटून पाहिला. त्यात कुठंही फट नव्हती. मराठीच्या वर्गात आयुष्य घालवून आपल्याला हे सुचलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं. पण वाईट वाटायला वेळ नव्हता. त्यानं दार लावलं, सुनयनाला अंगणातल्या शेळ्या गप्प ठेवायला सांगितलं आणि यंत्र सुरू केलं.

पडद्यावर दारात शेजारी उभा राहिला. हेनीबाईंनी मान जराशी वळवली. पांडुरंगरावांनी छातीवर हात मारला.

"मेऽऽला गं बाई! मेऽऽला! माह्या कपाळाचं कुंकू पुसून गेऽऽला! आता म्या कोणाच्या तोंडाकडं पाहू गं..."

हेनीबाई केव्हाच स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ओतून परत आल्या होत्या. पांडुरंगराव अजून मोकळे झाले नव्हते.

"बाबा, ती बाई रडत नाई."

"नवरा मेला अन् रडत नाई?"

"नाई. ती सरळ म्हणते."

"मग तिचं त्याच्यावर प्रेम नसन."

"बाबा, तोंड हलते तेवढंच म्हणा. 'तो मेला. कॉफी घेता?' बस."

दुसऱ्या खेपेला पांडुरंगराव कमी रडले, पण हुंदका घातला. तिसऱ्याला हुंदका काढला, तर गाण्याची चाल आली. चौथ्याला त्यांनी कॉफीच्या जागी रडणं आणि रडण्याच्या जागी कॉफी केली. बाहेर शेळी ओरडली. पुढच्या खेपेच्या नेमक्या वेळी आदिलाबादची बस फाट्यावर हॉर्न देऊन गेली. रविकांतनं डोकं रजईला टेकलं. ती वडिलांची होती; तिला तंबाखूचा वास येत होता.

दार धाडकन उघडलं.

"काय चाललं हे?" देवकाबाई उंबऱ्यात होत्या. "सारं गाव गोळा कराचं हाये व्हय? बयना इचारून राह्यली, कोणाच्या घरी काय झालं."

"तुह्यं काम करून राह्यलो," पांडुरंगराव म्हणाले.

"म्या अशी रडन?"

"रडशील नाई तं काय करशील?"

"तुमाले काय मालूम म्या काय करन." त्यांनी नवऱ्याला खुर्चीवरून उठवलं. "जा, तिकडं पडा. घसा बसला पाह्य तुमचा." पांडुरंगराव मोठ्या अपमानानं ओसरीत गेले आणि कापसात आडवे झाले. देवकाबाई खुर्चीवर बसल्या. "दाखव मले ते."

"तू कितीदा पाह्यलं, माय."

"नाई पाह्यलं. ती पेटी आली का म्या भिंतीकडं पाह्यत होते."

हे खरं होतं. पाचव्या भागातली हेनीबाईंची सगळी बोलणी देवकाबाईंनी रजईकडे तोंड करून दिली होती आणि रविकांतनं ती ओढूनताणून ओठांवर बसवली होती. आता त्यांनी पदर सावरला आणि पडद्याकडे पाहिलं. दार वाजलं. छत्री घेतलेला शेजारी आत डोकावला. त्यानं विचारलं. हेनीबाईंनी सांगितलं आणि त्या किटलीकडे वळल्या.

"हा तोच ना? ज्याच्या न्हाणीत हे आंघोळीले जात होते?"

"हो."

"अन् चार भाग त्याच्यासाठी बोंबलत होता. साबण संपला, पाणी संपलं." देवकाबाईंना स्वतःच्या तोंडून दोनदा 'संपलं' गेल्याचं कळलंही नाही. "मेल्याले आता लागला व्हय खेरित. ह्याले काऊन सांगाचं तिनं? आत येऊन बसला म्हंजे दिसनच त्याले पेटी."

"माय, पण तिचं तोंड हलून राह्यलं. तिथं काहीतरी पाहिजे."

"सुरू कर."

"काय म्हणशील?"

"तू सुरू कर ना, बाप्पा."

रविकांतनं सुरू केलं, दुसरं काही हातात नव्हतं म्हणून. दारात शेजारी आला. रविकांतच्याच आवाजात त्यानं विचारलं, "खेरित हाये का घरी?"

देवकाबाईंनी मान जराशी वळवली. हेनीबाईंनीही.

"हायेत ना," त्या म्हणाल्या. "पण उठून नाई राह्यले. कॉफी घेता?"

'उठून नाई राह्यले' म्हणेपर्यंत हेनीबाईंनी पाठ फिरवली होती, त्यामुळे ओठांचा प्रश्नच आला नाही. बसही आली नाही. शेळीही गप्प होती.

रविकांतनं ते पुन्हा लावून ऐकलं. त्याला वाटलं आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे. पण दोन दिवसांत त्याच्यात वाटण्यासारखं काही शिल्लक राहिलं नव्हतं. शिवाय वाक्य चुकलेलं होतं. करारात स्पष्ट होतं, की वाक्याच्या अर्थात बदल केला तर इंग्रजीत लिहून हॉलंडची मंजुरी घ्यावी लागेल. त्यानं मुकाट्यानं इंग्रजीत लिहिलं, भाग पाठवला आणि खुर्चीत बसून राहिला. देवकाबाई वांगी चिरायला घेऊन गेल्या.

उन्हं कलताना राजकुमारचा फोन आला.

"भाई, मिल गया. वो लोगाँ सुने."

"फिर?"

"एक सवाल पूछ रे. बुढ्ढी कू मालूम है क्या, बुड्ढा मर गया बोल के? या आपकी मराठी में वो पागल हो गई? पागल हुई तो पास नहीं करते बोल रे. कहानी बदल जाती ना."

रविकांतनं फोन छातीशी धरला आणि स्वयंपाकघरात गेला. मुंबईचा स्टुडिओ, प्राचार्य, गाढवं, सगळं त्याच्यामागं येऊन दारात उभं राहिलं.

"माय, हॉलंडवाले इचारून राह्यले. त्या बाईले मालूम हाये ना, तो मेला म्हणून?"

देवकाबाईंनी विळीवरून मान वर केली नाही.

"मालूम हाये म्हणून तं म्हणून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "मालूम नसतं तं म्हणली नसती व्हय?"

रविकांतनं फोन कानाला लावला. "मालूम है बोलो."

"पक्का?"

"पक्का."

तिकडं टक्‌टक्‌ आवाज आला. राजकुमार लिहीत होता. बराच वेळ गेला. ओसरीतून पांडुरंगरावांचं घोरणं ऐकू येत होतं; मग तेही थांबलं.

"पास भाई," राजकुमार म्हणाला. "पूरा सीझन आपका. मुबारक. छठे एपिसोड का फाइल भेज रऊँ. उसमें अम्मा का काम ज्यादा है. बुड्ढे की मिट्टी के टाइम पे भाषन है उसका. पाँच मिनट का, अकेली का. हर दूसरी लाइन में मर गया, मर गया. कल तक हो जाता ना?"

रविकांतनं हो म्हटलं की नाही, हे त्याला नंतरही आठवलं नाही. कापसाच्या खोलीत परत येऊन भिंतीवरच्या गोधड्यांकडे पाहत तो उभा राहिला. शेजाऱ्यापुरतं ठीक होतं. दफनाच्या वेळच्या भाषणात शेजारी नव्हता. सगळा गाव होता.

स्वयंपाकघरात विळीचा आवाज थांबला होता. देवकाबाई ओले हात तसेच घेऊन ओसरीत गेल्या. पांडुरंगराव कापसात अर्धे बुडून उताणे पडले होते, तोंड उघडं, घोरणं बंद. देवकाबाई क्षणभर नुसत्या पाहत राहिल्या. मग वाकून त्यांनी नवऱ्याचा खांदा गदागदा हलवला.

"उठा. ओ, उठा बरं पहिले."

पांडुरंगराव दचकून बसले. केसांत, मिशांत, कानांत कापूस.

"काऊन? काय झालं?"

"काई नाई."

"मग काऊन उठवलं?"

"उठा म्हणलं तं उठा," देवकाबाई म्हणाल्या. "कॉफी करते."

"कॉफी?" पांडुरंगराव म्हणाले. "आपल्या घरी कॉफी कधी होती?"

"तं चहा करते. उठून बसा फक्त."